‘एवढंही ठाऊक नसावं?’

नसांमधल्या चेतापेशींच्या लांब तंतूंवर, म्हणजे अक्षतंतूंवर, मायलिन नावाचं आवरण चढवणाऱ्या श्वान पेशींवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. ‘श्वान पेशी पेट्री डिशमध्ये एकट्या मायलिन तयार करत नाहीत, त्यांना अक्षतंतू लागतो, शिक्षिकेला एवढंही ठाऊक नसावं?’ पुढे आणखी तीन आक्षेप आहेत, पण मी या ‘एवढंही’पाशीच अडकले.

माझं वाक्य होतं : ‘प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वान पेशी मायलिनचे वेढे घालतात.’ वेढे घालायला मध्ये काहीतरी असावंच लागतं. वटपौर्णिमेला सूत गुंडाळलं म्हटलं, की वड वेगळा सांगावा लागत नाही.

तरी सविस्तर लिहिते, म्हणजे शंका राहायला नको. एक श्वान पेशी एकाच अक्षतंतूचा एक तुकडा धरते आणि त्याच्याभोवती फिरत जाते. बेटी गेरेन यांनी 1954 साली कोंबडीच्या गर्भातल्या नसांमध्ये हे दाखवलं. थर किती जाड व्हावा हे अक्षतंतूच ठरवतो, त्याच्यावरच्या न्यूरेग्युलिन या प्रथिनाच्या प्रमाणातून. डिशमध्ये उंदराच्या चेतापेशी आणि श्वान पेशी एकत्र वाढवल्या, तरी क जीवनसत्त्व घातलं नाही तर श्वान पेशी तंतूंना नुसत्या चिकटून राहतात. त्यांच्याभोवतीचा आधारपापुद्रा नीट बनत नाही आणि वेढे पडत नाहीत. मेरी आणि रिचर्ड बंज यांच्या प्रयोगशाळेतलं हे काम मी फोंड्याला बारावीच्या वर्गात फळ्यावर काढून शिकवलंय, अभ्यासक्रमात नसताना. चोवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मला ‘एवढंही’ म्हणण्याआधी एकदा विचारायचं होतंत.

आणि हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. 2011च्या जानेवारीत माझ्या भावाला जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार झाला. एका हॉस्पिटलात अशक्तपणा म्हणून सलाइन लावून त्याला घरी पाठवलं. दोन दिवसांत पाय गेले. त्याच्या नसांवरचं मायलिन त्याच्याच प्रतिकारशक्तीने सोलून काढलं होतं. पुढे त्याच्याच श्वान पेशींनी ते पुन्हा गुंडाळलं. चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला तो स्टुलावर चढला, तेव्हा खालून स्टूल मी धरलं होतं. मायलिन म्हणजे काय, हे मला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

बाकीचं थोडक्यात. प्रयोग बहुतेक उंदरांच्या पेशींवरचे आहेत, हे लेखातच आहे. संदर्भांची यादी मी कधीच देत नाही. ‘रुग्णांना खोटी आशा’ म्हणता, तर ‘उपचार’ हा शब्द लेखात कुठे आहे तो दाखवा.

एक मात्र मान्य. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव मराठीत असं लिहिलं की कुत्रा आठवतो, आणि नवख्या वाचकाचा गोंधळ होतो. तुमची ही सूचना रास्त आहे. आजच सगळीकडे ‘श्वॉन’ करते.

ते वाक्य मात्र आहे तसंच राहील. आणि पुढच्या वेळी ‘एक वाचक’ न लिहिता नाव लिहा. मी माझं लिहिते.