आइनस्टाइन उशिरा बोलला, पण त्याच्या आईवडिलांनी काय केलं?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरला. ‘मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही? घाबरू नका. मुलगे उशिराच बोलतात. आइनस्टाइनही उशिरा बोलला. थेरपीवाले नुसता धंदा करतात. वेखंड उगाळून मधातून चाटवा आणि थांबा, आपोआप बोलेल.’ खाली अंगठ्यांची रांग.

आधी आइनस्टाइन, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. आपण उशिरा बोलू लागलो, हे त्याने स्वतःच १९५४ च्या एका पत्रात लिहिलंय. पण त्याच वाक्यात पुढे आहे की, आईवडील काळजीत पडले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं. मेसेजवाल्यांनी नेमकं हे शेपूट छाटलं.

‘मुलगे उशिराच बोलतात.’ मुली सरासरीने थोड्या पुढे असतात, खरंय. पण फरक एखाद-दोन महिन्यांचा, वर्षाचा नव्हे. दोन वर्षं पूर्ण झाली तरी ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जुळत नसतील, तर ‘मुलगाच आहे ना’ हे उत्तर पुरत नाही.

वेखंडाचं लवकर आटपतो. त्याने वाचा फुटते याला पुरावा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.

‘आपोआप बोलेल.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण कोणतं मूल येणार नाही, हे नुसतं थांबून कळत नाही. हवं ते बोटाने दाखवतं का, हाक मारली की वळतं का, ‘चप्पल आण’ एवढं समजतं का, हे बघावं लागतं. आणि सगळ्यात आधी कान तपासावे लागतात.

कानांचं मी अनुभवाने सांगतो. माझ्या भाच्याची परीक्षा आमच्या आजीने घेतली होती. त्याच्या पाठीमागे उभं राहून तिने स्टीलच्या ताटावर पळी आपटली. तो दचकून वळला. ‘कान शाबूत आहेत,’ निकाल लागला आणि आम्ही निवांत झालो. अडीचाव्या वर्षी बेरा चाचणी झाली. झोपलेल्या पोराच्या डोक्याला तारा चिकटवून करतात ती. तेव्हा कळलं की ताट, कुकरची शिट्टी, दाराची धडक त्याला ऐकू येते, पण ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी पोचतच नाहीत. जे कानावर पडलंच नाही ते बोलणार कुठून? यातला साधा दंडक असा: जन्मानंतर पहिल्या महिन्यात कानांची प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन किंवा पुढचे उपचार. म्हणजे आम्हाला दोन वर्षं उशीर झाला, तोही ‘घाबरू नका’ ऐकत.

‘धंदा करतात.’ काही जण करतात, नाकारत नाही. स्वमग्नतेवर (ऑटिझमवर) स्टेम सेलची इंजेक्शनं विकणारे आहेतच. पण तपासणीला पैसे लागतातच असं नाही. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या अशा अडचणी लवकर हेरून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतं. रांग असते, खेटे पडतात. फी पडत नाही.

शिवाय एवढ्या लहान मुलांची थेरपी बहुतेक घरातच चालते. माझ्या बहिणीला शिकवलेली एक गोष्ट सांगतो. पारदर्शक डबीत शेव भरायची, झाकण घट्ट लावायचं, डबी पोराच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. तो खटपट करतो, मग डबी तिच्या हातात कोंबून तोंडाकडे बघतो. तेवढ्यात म्हणायचं, ‘उघड’. आणि उघडायची. पोळ्या लाटता लाटता दिवसातून वीस वेळा. यात कोणाचा कसला धंदा?

भाचा आता तिसरीत आहे. दोन्ही कानांना मशीन, तोंडाला विश्रांती नाही. शेवेला मात्र अजून ‘सेव’च म्हणतो.