नोराला उंबरठ्यावर अडवणारे आपण

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या भागातील काही महाविद्यालयीन मुलांनी आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाउस’चे तासाभराचे अहिराणी रूपांतर करायला घेतले आहे, आणि त्यावरून माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जो वाद पेटला आहे, तो ओस्लोत बसून वाचताना माझा संताप आवरत नाही. नाटकाच्या शेवटी तीन लेकरे टाकून घराबाहेर पडणारी नोरा नायिका कशी होऊ शकते, असा पहिला आक्षेप होता. पाठोपाठ कुणीतरी ‘त्यांची नोरा आणि आपली बहिणाबाई’ अशी तुलना मांडली. आधी हाताला चटके बसतात आणि मगच भाकर मिळते, असे सांगणारी बाई आपल्या मातीतली आहे आणि दार आपटून जाणारी परकी आहे, असा तिचा सूर होता. शेवटी, ज्यांना मी आजही आदराने सर म्हणते, त्यांनी तोडगा सुचवला की नोराने दारापर्यंत जावे, आतून मुलांचा आवाज ऐकावा आणि उंबरठ्यावरून मागे फिरावे.

सरांना हा तोडगा खानदेशी संस्कारांतून सुचला असे वाटत असेल, पण तो 1880 सालीच जर्मनीत अमलात आला होता. तिथल्या हेडविग नीमान-राबे या नामवंत अभिनेत्रीने मुले सोडून जाणारी बाई रंगवायला नकार दिला. त्या काळी परभाषेत नाटकाला कायद्याचे संरक्षण नव्हते आणि दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, या विचाराने इब्सेनने स्वतः वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो, झोपलेली मुले दाखवतो आणि ती तिथेच खाली कोसळते. हा शेवट म्हणजे नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असे इब्सेनने लगोलग जाहीरपणे लिहिले. युरोपातल्या प्रतिष्ठित प्रेक्षकांना जे पचले नाही तेच आपल्याला पचत नसेल, तर त्यात पूर्व-पश्चिमेचा प्रश्न कुठे येतो?

मला खरा राग याचा येतो की गटावर मत देणाऱ्या बहुतेकांनी नाटकाचे फक्त शेवटचे पान ऐकलेले आहे. नाटक दारावर संपते, पण उभे आहे एका सहीवर. नवऱ्याच्या आजारपणात त्याला इटलीला नेल्याशिवाय तो वाचणार नाही, असे डॉक्टर सांगतात. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढण्याची कायद्याने मुभा नसते, म्हणून नोरा वडिलांच्या नावाची खोटी सही करून बाराशे डालरचे (तिथले तेव्हाचे चलन) कर्ज उचलते. वडील 29 सप्टेंबरला वारलेले असतात आणि सहीखाली तारीख पडते 2 ऑक्टोबर. पुढची कित्येक वर्षे ती घरखर्चातून पैसे वाचवून, एका हिवाळ्यात तर रात्री दार लावून कागदपत्रांच्या प्रती लिहून देऊन हप्ते फेडते, आणि कमावताना आपण जणू पुरुषच आहोत असे वाटायचे, हे मैत्रिणीला अभिमानाने सांगते. गुपित उघडे पडल्यावर, जिच्यामुळे आपण जिवंत आहोत तिला नवरा, म्हणजे हेल्मर, सुनावतो की मुलांना तुझ्या हाती सोपवता येणार नाही. तेव्हा आईपण आधी कोण काढून घेते, हे सरांनी तो प्रवेश वाचून सांगावे.

ही गोष्ट परकी वाटणाऱ्यांनी आपापल्या घरातले डबे उघडून पाहावेत. मी पुण्याला शिकायला जायचे ठरले त्या वर्षी कपाशी गेली होती आणि वडील नको म्हणाले होते. आईने पाटल्या जळगावच्या एका सराफाकडे गहाण ठेवल्या आणि पैसे मामाने दिले असे घरी सांगितले. सराफाची पावती तुरीच्या डाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून असायची. व्याज भरायला ती दर महिन्याला दुधाच्या पैशांतून काही बाजूला काढायची आणि कुणी रिकाम्या हातांबद्दल विचारलेच तर पाटल्या सैल झाल्या म्हणून काढून ठेवल्या, असे सांगायची. आजही बचत गटाच्या कर्जावर बाईची सही असते आणि रक्कम फवारणीला जाते. कायदा बदलला, सातबाऱ्यावर काही ठिकाणी बाईचे नाव लागले, पण नवऱ्याच्या अब्रूला धक्का न लावता त्याचे घर वाचवायचे हे काम अजून तिच्याकडेच आहे. आईची गोष्ट मी गटावर लिहिली, तेव्हा अशा माउल्यांमुळेच संसार टिकले, असे कौतुक झाले. ती पावती वडिलांच्या हाती लागली असती तर काय झाले असते, हा प्रश्न कुणीही विचारला नाही आणि इब्सेनने नेमका तोच विचारला आहे.

मुले सोडून जाण्याचा मुद्दा तर मला सरळसरळ दुटप्पी वाटतो. होमरचा ओडिसियस तान्ह्या मुलाला, टेलेमॅकसला, सोडून युद्धावर जातो आणि वीस वर्षांनी परततो, तरी तो महाकाव्याचा नायकच राहतो. मागे राहिलेली त्याची बायको पेनेलपी चार शब्द बोलायला खाली येते, तेव्हा तोच मुलगा तिला वर जाऊन माग सांभाळायला सांगतो, कारण बोलणे हे पुरुषांचे काम. टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ तर अ‍ॅनाच्या भावाच्या व्यभिचाराने सुरू होते. स्तीवा घरातल्या गव्हर्नेसशी संबंध ठेवतो, अ‍ॅना येऊन त्याच्या बायकोची समजूत घालते आणि तो पुढे मेजवान्या झोडत राहतो. तोच दोष अ‍ॅनाच्या पदरी येतो तेव्हा तिचा मुलगाही जातो आणि समाजही. टॉलस्टॉयने या दोन्ही गोष्टी एकाच कादंबरीत समोरासमोर ठेवल्या आहेत, पण आपल्याकडे चर्चा होते ती अ‍ॅनाच्या चारित्र्याची.

बहिणाबाईंचे नाव ज्या रीतीने या वादात ओढले जाते, त्याचे मला फार दुःख होते. नोरा डिसेंबर 1879 मध्ये कोपनहेगनच्या रंगभूमीवर आली आणि पुढच्याच वर्षी जळगावजवळच्या आसोद्याला बहिणाबाईंचा जन्म झाला. ऐन तिशीत वैधव्य आले, लिहिता-वाचता येत नव्हते, आणि मुलगा सोपानदेव यांनी व नात्यातल्यांनी टिपून ठेवलेल्या त्यांच्या कविता 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपाने आल्या. संसाराच्या एका कवितेची पहिली दोन कडवी पाठ करून आपण त्यांना सोशिकपणाची मूर्ती बनवले आहे. कुंकू पुसले गेले तेव्हा कपाळावरची कर्माची रेषा उघडी पडली असे म्हणणारी, हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला माझ्या दारी येऊ नकोस असे बजावणारी बाई सोशिक म्हणायची की स्वतःच्या दैवाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी? खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती 1882 ची, म्हणजे नोरानंतर अवघ्या तीन वर्षांची. हे प्रश्न आपल्याकडे कुणी जहाजातून उतरवले नव्हते.

‘तू तिकडे गेलीस, तुला बोलायला काय जाते,’ असे मला गटावर सुनावण्यात आले. मी राहते त्या देशाने विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क 1888 मध्ये दिला, मतदानाचा पूर्ण हक्क 1913 मध्ये दिला आणि 1993 पासून बापाच्या वाट्याची रजा राखून ठेवली. नोरा रंगमंचावर आली तेव्हा यातले काहीच नव्हते, आणि जे आले ते भांडून आले. माझी मुलगी विडेरेगोएन्देत, म्हणजे इथल्या उच्च माध्यमिक शाळेत, हे नाटक वाचते, तेव्हा हेल्मर इतका घाबरट का आहे यावर तिच्या वर्गात तास रंगतो. नोराने राहावे की जावे यावर नाही. हा फरक मला मोठा वाटतो आणि तो सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण आपला मराठी प्रेक्षक यापेक्षा मागे नव्हता, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचे आहे. रोज टी-बानेतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरले की नाट्यगृहासमोर इब्सेन आणि त्याचा समकालीन नाटककार ब्यर्नसन यांचे पुतळे दिसतात. त्यांतल्या ब्यर्नसनचे, पुरुषाच्या शीलाचा हिशेब मागणारे नाटक ‘आंधळ्यांची शाळा’ म्हणून मराठीत 1933 मध्ये आले, आणि नोरा अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून आली. आपल्या आजोबांच्या पिढीने जे पाहिले, त्याला आज आपण परकी थेरे म्हणतो.

‘गेलीस’ हा शब्द मात्र मनात रुतून बसला. माझा भाऊ सुरतेला यंत्रमागावर गेला, त्याची बायको आणि मुले कित्येक वर्षे गावातच होती. तो दिवाळीला यायचा आणि गावात त्याला कर्ता म्हणायचे. त्याला कुणी तो शब्द लावला नाही. मी नवऱ्या-मुलीसकट आले, तरी मी तिकडची. दुपारी मातपाक्के, म्हणजे घरून आणलेला डबा, उघडून मी हा गट वाचते, कारण ओस्लोत माझ्याशी चांगुलपणाने बोलणारे पुष्कळ आहेत, पण हक्काने भांडणारे कुणी नाही. मला त्या भांडणात माझी जागा हवी आहे आणि ती कुणी दिली नाही तरी मी सोडणार नाही.

आईला मी फोनवर सगळी गोष्ट सांगितली. तिने दाराबद्दल काही विचारले नाही. ‘तिनी माय कोठे व्हती?’ एवढेच म्हणाली. नोराला आई नव्हती. तिला वाढवले आन-मारी या दाईने, आणि त्या नोकरीसाठी आन-मारीने स्वतःची मुलगी परक्यांच्या हवाली केली होती. आपले मूल असे कसे सोडवले, असे नोरा तिला दुसऱ्या अंकात विचारते, आणि शेवटी आपली तिन्ही मुले तिच्याच भरवशावर ठेवून जाते. गरीब बाईने पोटासाठी मूल सोडले तर गटावर कुणाला आक्षेप नाही, कारण ती कुणाच्या लक्षातही आलेली नाही. वेळ बसत नाही म्हणून मुलांनी संहितेतून पहिल्यांदा कापली तीही आन-मारीच. मी त्यांना कळवले आहे की नाचाचा प्रसंग लहान करा, हेल्मरचा मित्र डॉक्टर रँक याचे संवाद कमी करा, पण नोरा आणि आन-मारी यांचे ते बोलणे अहिराणीत पूर्ण ठेवा आणि शेवटाला हात लावू नका. प्रवेश फी आणि नेपथ्याचा खर्च महाविद्यालय देणार नसेल, तर तो मी पाठवते.