आपोआप कसलं?
अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळांवरचा लेख आवडला, पण ‘सोसलेला माणूस आपोआप मायाळू होतो’ हे वाक्य खटकलं. आपोआप कसलं? भीक मागून मिळालेलं अन्न माईंनी स्टेशनवरच्या भुकेल्यांबरोबर वाटून खाल्लं, तेव्हा त्यांच्याही पोटात आग होतीच की!

माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या कोरड्या खाऊवर दिवस काढले. पुढे मरेपर्यंत तिच्या टोपल्यात एक भाकरी जास्तीची असायची, दारात कुणी आलंच तर म्हणून. तिच्याच शेजारी बसून खडी फोडणारे चुलत आजोबा मात्र शेवटपर्यंत धान्याच्या कोठीला कुलूप लावायचे. दुष्काळ एकच. आजोबांना दोष देत नाही, ती भीती सहज जात नाही. पण आजीची ती भाकरी ‘आपोआप’ नव्हती हो.