तळाची पंगत

फिशटँकच्या तळाशी राहणारा मासा विकताना दुकानदार एक वाक्य हमखास बोलतो. "ताई, याला वेगळं काही घालायला नको. वरचं सांडलेलं खातो, शेवाळ खातो, टाकी स्वच्छ ठेवतो." आमच्या ह्यांनी ते ब्रह्मवाक्य मानलं आणि गप्पी-टेट्रांच्या जोडीला सहा कोरी आणि एक ब्रिसलनोझ असा कॅटफिशांचा लवाजमा घरी आला. माशांची हौस ह्यांची, जेवणाचं खातं अर्थातच माझं.

पहिली गोष्ट, हे लोक कुणाची घाण खात नाहीत. शेवाळाचं म्हणाल तर कोरी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिला हव्यात अळ्या, किडे, बारीक कोळंब्या. तोंडाजवळच्या मिशांनी वाळू चाळत ती हेच हुडकत असते. ब्रिसलनोझ काचेवरचं शेवाळ खातो खरा, पण आमची टाकी एवढीशी. तेवढ्यावर त्याचं पोट कसं भरणार? त्याला हिरवा पाला हवा आणि मधल्या वेळेत खरवडायला लाकडाचा ओंडका. म्हणजे एकाच तळमजल्यावर एक बिऱ्हाड सामिष, दुसरं निरामिष.

बरं, खाणं खाली पोचवायचं कसं? तरंगणारे दाणे वरच्यांनीच संपवले, म्हणून बुडणाऱ्या गोळ्या आणल्या. टेट्रांनी त्या अर्ध्या वाटेतच गाठल्या. लग्नात पहिल्या पंगतीला मुलाकडचे बसावेत आणि आपला नंबर येईपर्यंत पानात मीठ आणि लिंबाची फोडच उरावी, तशी कोऱ्यांची गत. मग मी युक्ती केली. डाव्या कोपऱ्यात वरच्यांना दाणे टाकायचे आणि ते तिकडे गुंतले की उजव्या कोपऱ्यातून गुपचूप गोळ्या सोडायच्या. गप्पी एरवी बावळट दिसतात, पण खाण्याच्या बाबतीत त्यांची अक्कल चांगली चालते. त्यांनी उजव्या कोपऱ्यात माणूस बसवला.

शेवटी रात्रीची पाळी लावली. टाकीतला दिवा मालवला की वरचे सुस्तावतात आणि ब्रिसलनोझ, जो मुळातच निशाचर, ओंडक्याखालून बाहेर येतो. त्यामुळे घर झोपलं की मी मोबाइलचा टॉर्च घेऊन टाकीपुढे उकिडवी बसते, कोण किती जेवलं ते बघायला. बघावंच लागतं. तळाशी अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया वाढतो, आणि त्याच वाळूत तोंड घालणाऱ्या कोऱ्यांच्या मिशा झडायला लागतात. माझ्या मुलाच्या डब्यात परत आलेल्या भाजीची इतकी चौकशी मी कधी केलेली नाही.

सासूबाईंचा माशांना विरोध नव्हता. तो श्रावणात सुरू झाला. फ्रीझरमध्ये ओल्या नारळाच्या डब्याशेजारी त्यांना ब्लडवर्मच्या वड्या सापडल्या. लालभडक, गोठलेल्या अळ्या.

"हे काय गं?"

"कोऱ्यांचं जेवण, आई."

"श्रावणात? घरात पाळायचा तर सगळ्यांनी पाळायचा."

कोऱ्यांना प्रथिनं लागतात, हे मी समजावून सांगितलं. "मग मटकी घाल भिजवून," त्या म्हणाल्या. ह्यांनी मध्येच, ठिपकेवाली कोरी डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केली होती आणि १८४२ साली तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं, ही माहिती पुरवली. डार्विनकडे श्रावण पाळत होते का, एवढंच आईंनी विचारलं. वड्या एका डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, आणि तो फ्रीझरच्या पार मागे, अशी तडजोड झाली.

ब्रिसलनोझ मात्र त्यांचा लाडका, कारण तो काकडी खातो. काकडी तरंगते, म्हणून चकती गरम पाण्यातून काढून स्टीलच्या काट्याला टोचून बुडवते. दोडका, दुधी, पालक, सोललेला मटार, सगळं चालतं. फक्त उरलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचं. आमच्याकडे हल्ली कोवळी काकडी आधी टाकीत जाते आणि उरली तर कोशिंबिरीत. कोऱ्यांवर आईंची दया वेगळ्या कारणाने. त्या मधूनच सुळकन वर येऊन हवेचा घोट घेतात. तो आतड्यातून श्वास घेण्याचा त्यांचा जन्मजात प्रकार. पण, "बघ, भुकेने जीव वर आलाय बिचारीचा," म्हणत आई चिमूटभर दाणे टाकतात. ते अर्थातच गप्पी खातात.

गणपतीत आम्ही तिघं आणि आई कोकणात जाणार होतो, बाबा गुडघ्यांमुळे घरीच. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात. जास्त घातलेल्या खाण्याचीच खरी भीती. पण सणासुदीला घरातलं कुणी उपाशी, हे आईंना मान्य नव्हतं. म्हणून वारांचे खण असलेली औषधाची डबी आणली, एकेका खणात एकेका दिवसाचा मोजका खाऊ भरला आणि बाबांना नीट समजावलं. त्यांची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबीही तशीच आहे, हे माझ्या लक्षात होतं, म्हणून माशांच्या डबीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत बाबांचा फोन.

"सूनबाई, तुझी ती चिठ्ठी ओली होऊन निघाली. डॉक्टरांनी ही हिरवी गोळी नवीन दिलीय का? फार मोठी आहे. अर्धी करून घेतली तर चालेल?"