बॅटरी जिन्याखाली, आकडा परदेशात

पुन्हा तेच! रात्री बॅटरी-इन्व्हर्टरच्या कंपनीने न विचारता फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं आणि सकाळी घरातली सगळी यंत्रं एका जागी दाखवणाऱ्या होम असिस्टंटवर बॅटरीच्या जागी नुसतं 'अनुपलब्ध'. या वर्षातली ही तिसरी वेळ.

बॅटरी जिन्याखाली, होम असिस्टंट चालवणारा हब हॉलमध्ये. मध्ये जेमतेम १५ पावलं. पण बॅटरी किती टक्के भरलीय हा साधा आकडा आधी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार आणि तिथून माझ्याकडे येणार, तोही ५ मिनिटं शिळा. वीज गेली की गल्लीतल्या केबलवाल्याचा स्विचही बंद पडतो. म्हणजे इंटरनेट नाही, म्हणजे आकडा नाही. अहो, लाइट गेल्यावरच तर तो हवा असतो! आईचं ऑक्सिजनचं मशीन त्याच बॅटरीवर चालतं. ३० टक्क्यांखाली गेली की फ्रिज आणि वरच्या मजल्यावरचे पंखे आपोआप बंद व्हावेत, एवढंच मागतोय मी.

मॉडबस, म्हणजे यंत्रांची एकमेकांशी बोलायची भाषा, १९७९ सालची आहे. आरएस-४८५ या जोडणीच्या ए आणि बी अशा दोन तारा जोडल्या की यंत्रं बोलायला लागतात. माझ्या इन्व्हर्टरला ते पोर्ट आहेसुद्धा! पण रजिस्टरांची यादी, म्हणजे कुठला आकडा कुठल्या पत्त्यावर वाचायचा ते, मागितली की एकच उत्तर, "सर, ॲप वापरा." कुठून तरी मिळवलेल्या पीडीएफमध्ये पत्ते एकाने पुढेमागे, ए-बीच्या खुणा उलट्या, आणि उणे चिन्ह म्हणजे बॅटरी भरतेय की रिकामी होतेय, ते लिहिलेलंच नाही.

पूर्ण पैसे मोजून घेतलीय ही बॅटरी. यादी द्या ना! चार पानांची यादी.