पाय काढून दाखवणं हा नियम नाही

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर आला. दोन दिवसांत तोच भावकीच्या ग्रुपवर आणि मग ऑफिसच्या ग्रुपवरही दिसला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: विमानतळावरच्या तपासणीबद्दल रडणारे लोक नुसते नखरे करतात. लपवायला काही नसेल तर त्रास कसला? नियम सगळ्यांना सारखा. कृत्रिम पाय असला तरी काढून दाखवायला दोन मिनिटं लागतात. त्रास सोसतो म्हणूनच सुरक्षित आहोत, आणि तक्रार करणं म्हणजे जवानांचा अपमान. खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

माझ्या वडिलांना, अण्णांना, डावा पाय गुडघ्याखाली नाही. मधुमेहाने गेला. म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

लपवायला काही नसेल तर त्रास कसला, या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तपासणीच्या रांगेत ज्या चौकटीतून जावं लागतं, ती माणसाचं मन ओळखत नाही, धातू ओळखते. गुडघा बदललेल्या आजी असोत की मांडीत रॉड घातलेला तरुण मुलगा, ती वाजतेच. आणि अण्णांनी काय लपवलं होतं? रांगेत नंबर येताच त्यांनी स्वतःहून सांगितलं, पँट वर करून दाखवलं. त्रास तिथूनच सुरू झाला. 'अंकल, निकालना पड़ेगा.'

आता ती दोन मिनिटं. हे लिहिणाऱ्याने पाय काढताना कुणाला पाहिलेलं नाही, एवढं नक्की. अण्णांच्या पायाच्या राहिलेल्या भागावर सिलिकॉनचं लायनर, म्हणजे मोज्यासारखं घट्ट आवरण असतं, त्याच्या टोकाला धातूची पिन, आणि ती सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात अडकते. बाजूचं बटण दाबलं की पाय सुटतो. तेवढंच दोन मिनिटांत होतं. मग अण्णा एका पायावर, टेबलाची कड धरून उभे, कारण खुर्ची कुठेच नव्हती. पाय ट्रेमध्ये, बुटासकट, कुणाच्या तरी लॅपटॉपच्या मागे. मग लायनरही काढायला सांगितलं. सत्तरीचा माणूस, पायाचा उघडा भाग सगळ्यांसमोर, आणि मागे रांगेत एक लहान मुलगी टक लावून बघत होती. तिच्या आईने तिचं तोंड वळवलं. अण्णांनी ते पाहिलं.

परत घालायला तर त्याहून जास्त वेळ. आधी घाम पुसून त्वचा कोरडी करायची, लायनर आत हवा न राहता गुंडाळत वर चढवायचं, मग वजन देऊन पाय आत दाबायचा आणि पिनचे कट-कट आवाज मोजायचे. अण्णा घरी पलंगावर बसून शांतपणे मोजतात. तिथल्या गोंगाटात एकही आवाज ऐकू येईना. पाय नीट बसला की नाही याची खात्री नसताना ते माझा खांदा धरून गेटपर्यंत चालत आले. विमानतळ कुठला ते सांगत नाही. माझं भांडण त्या एका ठिकाणाशी नाही.

'नियम सगळ्यांना सारखा' हे सगळ्यांना पटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. असा सरसकट नियमच नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनंती केली होती, की दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावतात, हे थांबवा. त्यावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने, म्हणजे सीआयएसएफने, जाहीर माफी मागितली. आणि सांगितलं की नियमाप्रमाणे कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीत काढायला लावायचे असतात. हे खुद्द दलाचं म्हणणं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की माणसाची प्रतिष्ठा राखायची तर अपंग प्रवाशांना तपासणीत कृत्रिम अवयव काढायला सांगू नये. ज्या जीजा घोष यांच्या प्रकरणात हे म्हटलं गेलं, त्यांना २०१२मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेला जाताना विमानातून उतरवलं होतं.

मग पाय न काढता तपासायचं कसं? साधन विमानतळावर असतंच. स्फोटकांचा अंश शोधणारं यंत्र. एक पट्टी पायावर, बुटावर, सॉकेटच्या कडेवर फिरवायची, यंत्रात घालायची, काही सेकंदांत निकाल येतो. आमच्या वेळी ते यंत्र चार हातांवर होतं.

त्रास जास्त म्हणजे सुरक्षा जास्त, हेही खरं नाही. अमेरिकेत २००६पासून प्रवाशांना सरसकट बूट काढायला लावत होते. ते चालू असतानाच, २०१५मध्ये, तिथल्या सरकारच्याच गुप्त चाचणीत ७० पैकी ६७ वेळा बनावट स्फोटकं आणि शस्त्रं तपासणीतून पार गेल्याची बातमी आली. बुटांचा तो नियम जुलै २०२५मध्ये त्यांनी काढून टाकला.

राहिला जवानांचा अपमान. कंदाहारच्या अपहरणानंतर २०००मध्ये जयपूरपासून हे काम सीआयएसएफकडे यायला लागलं, आणि ते काम सोपं नाही, हे मला कळतं. त्या दिवशी शेवटी एक महिला जवान कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, 'बैठिए बाबा' म्हणाली आणि अण्णांचा पाय परत घालून होईपर्यंत लोकांकडे पाठ करून आडोशाला उभी राहिली. तिला कुणी ते सांगितलं नव्हतं. मी मागते आहे ते एवढंच, की तिने मनाने केलं ते प्रत्येक रांगेत ठरलेलं असावं: खुर्ची, आडोसा, आधी पट्टीची तपासणी, आणि पाय काढायचाच असेल तर कारण सांगणारा वरिष्ठ अधिकारी समोर.

पुढच्या महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे. सीआयएसएफच्या त्या निवेदनाची छापील प्रत मी अण्णांच्या पाकिटात ठेवली आहे. ते म्हणतात, रात्रभर रेल्वेत बसू, तिथे कुणी पाय मागत नाही. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.