घराणं नव्वदीचं, पोट चाळिशीतच पुढे

"आमना घरमा समदा नव्वदना पुढे जातस," असं म्हणत बट्टीवर तुपाची धार सोडणारा एक तरी गडी खान्देशातल्या प्रत्येक पंगतीत भेटतोच. मला या वाक्याचा आता वैताग आलाय.

नव्वदी गाठलेले आजोबा सगळ्यांना आठवतात. पन्नाशीत गेलेला त्यांचा सख्खा भाऊ हिशेबात कोणी धरत नाही.

डेन्मार्कात १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला. कोण किती जगलं यातल्या फरकाचा साधारण पाव हिस्सा आनुवंशिक निघाला. पुढे २०१८ मध्ये कोट्यवधी माणसांच्या वंशावळी तपासल्या, तर तो दहा टक्क्यांच्याही खाली आला. कारण माणसं आपल्यासारखंच राहणाऱ्या घरात सोयरीक करतात, आणि ते साम्य रक्ताच्या खात्यावर जमा होतं. (सोयरिकीचं आपल्याकडे वेगळं सांगायला नकोच.) नेमक्या आकड्यावर वाद आहेत, पण नुसत्या घराण्यावर विसंबावं असं त्यात काही नाही.

वजनाचं उलट आहे. तिथं आनुवंशिकतेचा हात बराच मोठा, हे मान्य. तरी २००७ मध्ये गाजलेलं एफटीओ जनुक घ्या. आईवडील दोघांकडून त्याचा जोखमीचा प्रकार आला, तर सरासरी तीनेक किलो वजन जास्त. आजोबांकडेही तेच जनुक असेल, पण ते दिवसभर कपाशीत राबायचे. नातू ठिबकचा कॉक फिरवायलाही मोटारसायकलवर जातो.

सुमारे नऊ लाख लोकांच्या माहितीवर २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला होता. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा, ३० ते ३५ असेल तर आयुष्य दोन ते चार वर्षांनी कमी, ४०-४५ असेल तर आठ ते दहा वर्षांनी. म्हणजे जन्मभर विडी-सिगारेट ओढण्याइतकं.

आता सडपातळ मंडळींनी हसू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा बीएमआय एकच होता, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! त्यांनी स्वतःच २००४ मध्ये हे छापलं. आपली चरबी पोटात दडते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात.

भरीत, शेवभाजी, बट्टी सोडा असं मी म्हणत नाही, मीही सोडणार नाही. पण वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली असेल, तर आजोबांचं वय सांगण्याआधी साखर तपासून या.